पांढरीखाली दोन पुरुष

मला एक वाईट खोड आहे. चुकीचं लिहिलेलं दिसलं की माझे हात शिवशिवतात. एसटी स्टँडवरची पाटी असो, लग्नपत्रिका असो, नाहीतर विद्यार्थ्याचा रजेचा अर्ज असो, पेन काढून मी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करते. मराठीची बाई नाही मी. नारायणगावला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. तरी पोरं माझ्या माघारी मला 'शुद्धलेखन मॅडम' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. या खोडीपायी साळूमावशीला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळायला बारा वर्षं उशीर झाला. त्याआधीची बत्तीस वर्षं माझ्या आजोबांमुळे गेली. माझ्या वाट्याचं आधी सांगते, कारण दुसऱ्याचं सांगणं नेहमी सोपं असतं.

आम्ही जुन्नरचे. आमच्या घरचा धंदा विहिरींचा. आजोबांना जुन्नर-आंबेगावात उमर मिस्त्री म्हणून सगळे ओळखायचे. त्यांच्या हाताखाली विहीर खणणाऱ्यांची टोळी असे. त्यांच्यानंतर माझ्या वडिलांनी, नवाब मिस्त्रींनी, तो धंदा सांभाळला आणि बोअरच्या गाड्या आल्यावर सोडून दिला. घरात मातीत हात न घालणारी पहिली मीच, आणि मी शिकले काय तर माती.

साळूमावशी डिंभ्याची. अक्षय्य तृतीयेच्या आधी चार-आठ दिवस ती दरवर्षी आमच्या दारात यायची. डिंभ्याहून जुन्नरला यायचं म्हणजे दोन एसट्या, आणि त्यातली एक आली तर आली. धरणातल्या मासळीचं सुकट घेऊन यायची, ओट्यावर टेकायची, पाणी प्यायची आणि एकच प्रश्न विचारायची. "यंदा आखितीला पाणी द्यायचं का न्हाई?"

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं मातीचा करा भरून पाणी देतात. मावशीचा नवरा चिमाजी आणि धाकटा दीर सावळेराम हे दोघे आजोबांच्या टोळीत होते. एकोणीसशे ऐंशीच्या चैत्रात ते कामावर गेले ते परत आलेच नाहीत. दोघं भाऊ सुरतेला पळाले, असं आजोबांनी सांगितलं आणि तेच सगळीकडे झालं. मावशी तेव्हा वीस वर्षांची होती. नवरा जिवंत असेल तर त्याच्या नावानं पाणी देणं अभद्र, आणि मेला असेल तर न देणं पाप. तिला गावात 'टाकलेली' म्हणत. पुढे धरणाचं पाणी चढलं, तिचं जुनं घर बुडालं आणि ती वर, काठावर राहायला गेली. तेव्हा ती मुद्दाम आमच्याकडे येऊन नवं घर कुठं आहे ते सांगून गेली, कारण चिमाजी कधी आलाच तर आधी मिस्त्रीच्या दारात येईल.

आजोबा तिला पाणी दे असंही म्हणत नसत आणि नको असंही म्हणत नसत. एक लुगडं आणि पायलीभर बाजरी द्यायचे आणि मागच्या दारानं निघून जायचे. आजोबा वारल्यावर अब्बांनीही लुगडं चालू ठेवलं. मला मात्र या सगळ्याचा राग यायचा. एका वर्षी, नुकतीच नोकरी लागलेली आणि शहाणपण ओसंडून वाहत असलेली मी, तिला सरळ म्हणाले, की मावशी, त्यानं दुसरं घर केलं असेल, तुम्ही का झुरता?  मावशीनं सुकटाची पुडी माझ्या हातात दिली आणि ती बसला गेली.

आता वहीचं सांगते. आजोबा मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. प्रत्येक विहिरीचं एक पान ते लिहायचे. वर जमिनीच्या मालकाचं नाव आणि महिना, खाली वरून खाली जाताना लागलेले थर आणि प्रत्येकाची जाडी. मापं आमच्या धंद्यातली. हात म्हणजे हात, आणि त्याहून मोठं माप म्हणजे परस. माणूस हात वर करून उभा राहिला की जेवढा होतो तेवढा एक परस. हा शब्द मूळचा पुरुष. खेड्यात बोलताना त्याचा परस झाला. विहीर सात परस खोल, असं आमच्याकडे आजही म्हणतात. शेवटच्या ओळीत पाणी कधी लागलं ते असे. 'काळी अर्धा परस. पिवळी अडीच परस. चुनखडी एक हात. पांढरी एक हात. वाळू-गोटा तीन हात. कातळ. पाणी लागले.' अशी साठ-सत्तर पानं.

माझ्यासाठी ती वही म्हणजे घबाड होतं. कारण त्यातली पांढरी. इतरांची पांढरी म्हणजे गावठाणाची जमीन, पण विहीर खणणाऱ्यांची पांढरी म्हणजे कुकडीच्या काठाला मातीखाली सापडणारी राख. ज्वालामुखीची राख. जवळच्या बोरी गावाला नदीच्या दरडीत ती उघडी दिसते आणि जगभरचे लोक ती पाहायला येतात. मीही दरवर्षी पोरांना तिथे नेते, दरडीसमोर उभी करते आणि सांगते की दोन्ही अंगांना डोंगररांगा बघा आणि मधलं हे कोरडं खोरं बघा. पश्चिमेला नाणेघाटात ढग फुटतात आणि इकडे येईपर्यंत रिकामे होतात. जगात काही ठिकाणी अशी खोरी चारी बाजूंनी बंद असतात. नदीला बाहेर पडायला वाट नसते, डोंगर झिजतात आणि त्यांचा सगळा चुरा आतच साचत राहतो. पाणी उन्हानं उडून जातं, खार आणि चुना मागे उरतो. आपलं खोरं तसं बंद नाही. कुकडी बाहेर जाते, घोडला मिळते. पण कोरड्या काळात नदीच्या अंगात जोर नव्हता, म्हणून गाळ पुढे न्यायचा सोडून तिनं तो इथेच टाकला. त्यातच दूर सुमात्राकडून ही राख आली असं बरेच जण मानतात. तिच्या वयावरून अजून भांडणं आहेत. कुणी पंचाहत्तर हजार वर्षं म्हणतं, कुणी त्याच्या कितीतरी पट. एवढं मात्र खरं, की धो-धो पावसाच्या मुलखात ती वाहून गेली असती. कोरड्या जागेत पडलेलं राहतं, हे वाक्य मी पोरांना वहीत लिहून घ्यायला लावते.

माझ्या प्रबंधासाठी मी आजोबांची वही स्वच्छ टाइप केली आणि पुढे तिची एक पुस्तिकाही छापली. टाइप करताना अर्थातच शुद्ध केली. 'परस'चं सगळीकडे 'पुरुष' केलं. एका पानावर ओळ अर्धवट होती. 'पांढरीखाली दोन पुरुष.' कशाचे ते लिहिलं नव्हतं. बाकीच्या पानांवर पांढरीखाली वाळू-गोटा होता, म्हणून मी कंसात 'वाळू-गोटा' असं घातलं आणि समोर सव्वाचार मीटर असा आकडा टाकला. परीक्षकांनी त्या पानाचं विशेष कौतुक केलं. राखेखाली एवढी जाड वाळू म्हणजे नदीचं जुनं, बुजलेलं पात्र असणार, असं मी आत्मविश्वासानं लिहिलं होतं. मूळ वही मग कपाटात गेली.

यंदा मार्चमध्ये आदेश नावाचा एक शेतकरी माझी पुस्तिका हातात घेऊनच कॉलेजात आला. तिशीतला, चांगला वाचणारा मुलगा. बोरीच्या खालच्या अंगाला कुकडीकाठी त्यांची पिढीजात जमीन. त्याच्या आजोबांनी, गोरखरावांनी, ऐंशी साली एक विहीर खणायला घेतली होती आणि मधेच बुजवली. खडक लागला म्हणून, असं घरात सांगत. आता तिथे नुसता खोलगट खड्डा आणि बाभळी होत्या. माझ्या पुस्तिकेतलं ते कौतुकाचं पान याच विहिरीचं. "मॅडम, तुमच्याच पुस्तकात हाय," आदेश म्हणाला. "पांढरीखाली दोन पुरुष वाळू. येवढी वाळू म्हंजे पाण्याला तोटा न्हाई. ती सोडली कशाला आमच्या आजानं?"

मलाही ते नवल वाटलं. जुनं पात्र खरंच सापडणार म्हणून मी हरखले. बुजवलेली जागा उकरण्याआधी शेजारी एक खड्डा घेऊन बघ, असं मी त्याला सांगितलं. एप्रिलच्या शेवटी त्यानं पोकलेन लावला. काळी गेली, पिवळी गेली, चुनखडीचे खडे गेले, मग पांढरी लागली, हातभर जाड, पिठासारखी. तिच्याखाली ओलसर वाळू जेमतेम तीन हात, आणि मग पोकलेनचा दात काळ्या कातळावर वाजला. दुसऱ्या बाजूला खड्डा घेतला तर तिथेही तेच, आणि नदीच्या दरडीतही तेच. दोन पुरुष वाळू मावायला कुठेही जागा नव्हती.

पात्र अरुंद असेल, नेमकं विहिरीच्या खालूनच गेलं असेल, असं मी आदेशला समजावलं. स्वतःलाही तेच समजावत होते. आदेशचा माझ्यावर विश्वास. त्यानं जुन्या विहिरीतला भराव काढायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला निघण्याआधी मी कपाटातून मूळ वही काढली. आजोबांनी वाळूचं काही लिहिलं असेल आणि माझ्याकडून सुटलं असेल, एवढंच बघायचं होतं. ते पान उघडलं. वर गोरखरावांचं नाव, चैत्र. 'काळी अर्धा परस. पिवळी अडीच परस. चुनखडी एक हात. पांढरी एक हात.' मग एक ओळ मोकळी सोडलेली. आणि मग, 'पांढरीखाली दोन पुरुष.'

मी मागची पानं उलटली, पुढची उलटली. परस, परस, परस. सबंध वहीत आजोबांनी 'पुरुष' हा शब्द एकदाच लिहिला होता. त्या एका ओळीचं अक्षरही वेगळं होतं, शाळेतल्या मुलानं पाटीवर जपून काढावं तसं. पाणी लागल्याची ओळ त्या पानावर नव्हती. मी ते शुद्धलेखन समजले होते. आजोबांनी माप लिहिलंच नव्हतं. दोन माणसं लिहिली होती.

अब्बा ओट्यावर चहा पीत होते. मी वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, मग माझ्यासारखीच मागची-पुढची पानं चाळली.  मग त्यांनी विचारलं, आदेशचं काम कुठवर आलंय? मी म्हणाले, दहा फूट उतरलेत.

त्या चैत्रात अब्बा अर्ध्या टोळीबरोबर घोडेगावच्या विहिरीवर होते. आजोबा एकटे तिथे आले होते. दाढी वाढलेली, दोन्ही हातांची नखं फुटलेली. चिमाजी आणि सावळेराम पळाले, एवढंच सांगितलं होतं. नखांचं काय झालं हे अब्बांनी विचारलं नाही. वडिलांना असं विचारायची पद्धत नव्हती.

"मशीनला काय कळतंय," अब्बा हळूच म्हणाले. "मातीसंगं जाईल सगळं बांधावर. कुणाला पत्ता लागायचा न्हाई."

मला त्यांचा इतका संताप आला की मी उभीच राहिले. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी वही मिटली आणि चष्मा काढला. "साळूबाई पुढल्या हप्त्यात यील," ते म्हणाले. "तिला मी आता लुगडं कुठल्या तोंडानं देऊ? फोन लाव. मशीन थांबव म्हणावं."

आदेशनं पोकलेन थांबवला. मी त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो बाभळीखाली जाऊन बसला. विहीर बुजवली ती त्याच्या आजोबांनीही मिळून, हे त्याला न सांगता कळलं. पोलिसांना तिथूनच कळवलं. ते आले, एक हवालदार ठेवून गेले आणि त्याच्यासमोर पुढचं काम पाच माणसांनी हातानं केलं. अब्बा दोन दिवस काठावर छत्री धरून बसून होते. मी आत होते.

ऐंशी साली त्या दिवशी काय झालं हे सांगणारं आता कुणी नाही. मला जे सांगता येतं ते मातीवरून. भराव माणसांनी टाकलेला होता, हे उघड होतं. काळी, पिवळी, दगड, पाचट, सगळं एकात एक कालवलेलं. त्याच्याखाली बोटभर जाड, गुळगुळीत गाळाचा एक पापुद्रा सबंध विहिरीत पसरला होता. गढूळ पाणी बरेच दिवस हललं नाही तरच असा गाळ बसतो. म्हणजे विहीर लगेच बुजवली नव्हती. पाणी चढलं, निवळलं, आठ-दहा दिवस तरी ती तशीच उघडी होती. आणि पापुद्र्याखाली दरडीचे तुकडे होते. पिवळी आणि तिला चिकटलेली पांढरी, थर न मोडता तिरपे पडलेले. हे मात्र कुणी टाकलं नव्हतं, ते आपोआप आलं होतं. पांढरी कोरडी असते तोवर भिंतीसारखी उभी राहते. ओली झाली की ती उभी राहत नाही. खाली वाळूत पाणी लागलं, ते पांढरीत चढलं आणि वरची सगळी भिंत घेऊन ती खाली आली. पाणी लागलं तेव्हा दोघं खाली होते. पाणी लागल्यावर विहिरीत आनंदच होतो, मी लहानपणी पाहिला आहे. वरचा माणूस खाली वाकतो आणि खालचे ओंजळ भरून वर दाखवतात.

आणखी एक गोष्ट दिसली. पडलेल्या दरडीत एका बाजूला खड्डा खणलेला होता. त्याच्या कडेला फावड्याचे वार होते, आणि फावडं चालेनासं झालं तिथून पुढे नुसती बोटांनी उकरल्यासारखी माती. खड्डा छातीएवढा खोल. तो पुढे गेला नव्हता, कारण त्याच्या तळातही तोच गाळ बसला होता. खड्डा आधी, पाणी नंतर. मी अब्बांना वर ओरडून हे सांगितलं नाही. वर आल्यावर सांगितलं. ते म्हणाले, नखं. एवढंच म्हणाले.

हे मी नात म्हणून वाचते आहे का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. खड्डा होता, हे खरं आहे. त्यानंतर विहीर बुजवली आणि एका बाईला चव्वेचाळीस वर्षं खोटं सांगितलं, हेही खरं आहे. एकानं दुसरं पुसलं जात नाही. आजोबांचा मला अभिमान होता. आता त्यांचं नाव घेताना रडू येतं आणि राग पण येतो, आणि आधी काय येतं हे सांगता येत नाही.

ते दोघे वाळूत एकमेकांलगत सापडले. एक पहार, एक घमेलं, आणि एकाच्या दंडाशी चांदीचं कडं. पंचनामा झाला, हाडं तपासणीला गेली. कड्याचा फोटो मी मोबाईलमध्ये घेतला.

साळूमावशी यायच्या आधी आम्हीच डिंभ्याला गेलो. तिचं घर धरणाच्या काठावर, दोन खोल्यांचं. ती दारात बसून मासळी निवडत होती. आम्हाला बघून तिचे हात थांबले. चव्वेचाळीस वर्षं तीच येत होती. आमच्या घरातलं कुणी तिच्या दारात कधी गेलं नव्हतं.

"तुमी आला," ती म्हणाली. "म्हंजे कळलं."

अब्बा तिच्यासमोर जमिनीवर बसले. मी सांगते म्हणाले होते, पण त्यांनी मला बोलू दिलं नाही. "साळूबाई, ते पळाले न्हवते," ते म्हणाले. "आमच्या बाबांच्या कामावर हिरीत दबले. बाबांना ठावं व्हतं. तुमाला खोटं सांगितलं."

 मावशीनं धरणाकडे बघत विचारलं, दोघं एकाच जागी होते का? अब्बा म्हणाले, एकाच जागी, लगत. मी फोटो पुढे केला. तिनं मोबाईल दोन्ही हातांत धरला. कडं ओळखलं की नाही ते तिनं सांगितलं नाही, पण अंगठा काचेवर ठेवून ती बसून राहिली आणि चित्र सारखं सरकत राहिलं.

"म्हंजे मला टाकलं न्हवतं," ती म्हणाली.

तेव्हा मला राहवलं नाही. वहीचं सगळं मी तिला सांगितलं. बारा वर्षांपूर्वी ती ओळ माझ्या हातात होती, मी ती दुरुस्त केली, कंसात वाळू घातली आणि वर शाबासकी घेतली, असं सगळं. तिला किती कळलं कोण जाणे. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते ऐकणं कठीण गेलं.

"तू म्हणाली व्हतीस, त्यानं दुसरं घर केलं आसंल. मी त्या साली घरी येऊन त्याला लई शिव्या दिल्या, पोरी. मेल्या माणसाला."

 अब्बांनी पिशवीतून आणलेलं लुगडं बाहेर काढलं नाही, पण तिला ते दिसलं होतं. "तुझ्या बाबानं दर साली लुगडं दिलं," ती अब्बांना म्हणाली. "लुगडं दिलं, बाजरी दिली. पाणी द्यायचं मातर सांगितलं न्हाई." अब्बा रडले. तिनं त्यांना रडू दिलं, गप्प केलं नाही आणि माफही केलं नाही. मग उठून चहा ठेवला, कारण दारात आलेल्याला चहाशिवाय पाठवायचं नसतं.

निघताना तिनं एवढंच सांगितलं, की आखितीचं पाणी ती विहिरीवर येऊन देणार. शेजारची एक म्हातारी म्हणाली, माणूस गेल्यावर वर्ष सरल्याबिगर पाणी देत नाहीत. मावशी म्हणाली, सरलं की वर्ष.

मधल्या दिवसांत मी पुस्तिकेच्या माझ्याकडे उरलेल्या सगळ्या प्रती काढल्या आणि पेन घेऊन बसले. एकेका प्रतीत साठ-सत्तर पानांवर 'पुरुष' खोडून 'परस' लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी शुद्ध होतं ते अशुद्ध करत होते. त्या एका पानावर फक्त कंसातली वाळू खोडली आणि तो आकडा खोडला. ती ओळ जशीच्या तशी ठेवली.

अक्षय्य तृतीयेला मावशी पहिल्या एसटीनं आली. डोक्यावर पाटी, पाटीत दोन नवे करे. विहीर तोवर आदेशनं तळापर्यंत मोकळी करून घेतली होती आणि कडेनं नीट टप्पे काढले होते. तळाशी पांढरीखालच्या वाळूतून पाणी झिरपून कमरेएवढं साचलं होतं. आदेशची आई समृद्धी काठावर हळदकुंकू घेऊन उभी होती.  अब्बा जरा लांब, बाभळीच्या सावलीत उभे राहिले.

मावशीनं जागा सारवली, करे मांडले, एक मोठा, एक जरा लहान. आदेश घरातून फिल्टरच्या पाण्याचा जार घेऊन आला. त्या विहिरीत माणसं होती, तिचं पाणी असल्या कामाला कसं चालेल, असं त्याला वाटलं असणार. मलाही तेच वाटलं होतं. त्यानं जारचं झाकण काढलं तेव्हा मावशीनं कऱ्यावर हात आडवा धरला.

"ते नको," ती म्हणाली. "ह्या हिरीचं काढ. त्यांनी लावल्यालं पाणी हाय ते. आजून प्येले न्हाईत."

आदेशनं जार खाली ठेवला आणि बादलीला दोर बांधला.